कनगाचं पान

"कनगाच्या पानावर काय वाढायचं ते सांग," चालमची थोरली बहीण मीनाचीआक्का म्हणाली. "बाकी सगळ्यांचं ठरलं. तिचंच राहिलंय."

चालम ओल्या फडक्याने केळीची पानं पुसत बसला होता. हातातलं पान त्याने उलटं केलं, मागून पुसलं, पुन्हा सुलटं केलं.

"बहिरा झालास का रे?"

"ऐकतोय."

"मग बोल ना. आजोबांना सुकी मासळी न् ताडी. आईबाबांना वांग्याचं कालवण. नागप्पाला बिअर न् सिगारेट. मेला त्यानंच मेला, पण वाढावी तर लागते. तुझ्या बायकोला काय?"

चालमने पुढचं पान उचललं. दुसऱ्या दिवशी भोगी होती. मलेशियातल्या मलाका शहरात चिट्टी लोकांच्या घरी भोगीला परचू, म्हणजे पितरांचं जेवण, असतो. गेलेल्या माणसांचे फोटो मांडायचे, प्रत्येक फोटोपुढे केळीचं पान आणि पानावर त्याच्या आवडीचं. मग दार लोटून सगळ्यांनी बाहेर बसायचं आणि आतल्यांना निवांत जेवू द्यायचं. आवडीचं वाढलं नाही तर माणूस उपाशी उठतं आणि वर्षभर घरच्यांच्या स्वप्नात दारात येऊन उभं राहतं, असं जुनी माणसं सांगत.

कनगा जूनमध्ये गेली. हे तिचं पहिलंच पान होतं. आणि चाळीस वर्षं तिच्या हातचं जेवलेल्या चालमला तिला काय आवडायचं ते ठाऊक नव्हतं.

त्याची मुलगी वल्ली आदल्या रात्रीच क्वालालंपूरहून आली होती. ती स्वयंपाकघरात नारळ खवत होती. आतूनच म्हणाली, "आईला ना? खरवड! नेहमी खरवडच खायची. आम्ही मागितली तरी द्यायची नाही."

"खरवड?" आक्काने कपाळाला हात लावला. "पितरांच्या पानावर करपलेला भात? लोक शेण घालतील तोंडात."

"मग गोड काहीतरी करा. आई गोडाचं छान करायची."

"करायची. खायची का?"

 नारळ खवल्याचा आवाज तेवढा येत राहिला.

"कोथिंबीर घेऊन येतो," असं सांगून चालम बाहेर पडला. कोथिंबीर घरात होती. आक्काने टोकलं नाही.

कनगा जन्माने चिनी होती. वाघाच्या वर्षी जन्मलेली मुलगी घराला जड जाते असं म्हणून तिच्या आईबापांनी ती बाराव्या दिवशी शेजारच्या एका बिनमुलाच्या चिट्टी बाईच्या पदरात घातली आणि गाव सोडलं. त्या बाईने तिचं नाव कनगा ठेवलं, तिला कपाळाला भस्म लावायला शिकवलं, लुंगीसारखा सारोंग नेसायला शिकवलं. चालमच्या लोकांची तऱ्हाही तशीच. फार मागे त्यांचे पूर्वज व्यापाराला तमिळ मुलखातून आले आणि इथल्याच बायका करून राहिले. घरात मलय बोली, देव्हाऱ्यात शंकर, आणि तमिळ मोजक्या स्तोत्रांपुरतं. सरकारी कागदावर चालम इंडियन, कनगा चिनी. रबराच्या मळ्याजवळच्या देवळातला भटजी चालमशी तमिळमध्ये बोलायला लागला की चालम खाली बघायचा, आणि कनगाकडे बघून भटजी विचारायचा, "या कोण? दर्शनाला आल्यात?"

वल्ली सहावीत असताना शाळेत स्वातंत्र्यदिनाचा कार्यक्रम होता. स्टेजवर तीन मुली उभ्या करायच्या होत्या, एक मलय, एक चिनी, एक भारतीय. भारतीय म्हणून वल्लीला घेतलं. ती आजीचा सारोंग आणि जाळीचा झगा घालून गेली, कारण घरात सणावाराला सगळ्या बायका तेच घालत. बाईंनी तिला परत पाठवलं. "हे मलय झालं. साडी नेसून ये." साडी कुणाला नेसवता येत होती? कनगा कुठून तरी एक मागून घेऊन शाळेत गेली आणि दारात घडी हातात घेऊन उभी राहिली. बाईंनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाल्या, "चिनी मुलीची आई का? तिकडच्या रांगेत थांबा." चालम तेव्हा शाळेचीच बस चालवायचा. खिडकीतून त्याने हे सगळं बघितलं. उतरला मात्र नाही. कनगा घरी येऊन हसत म्हणाली होती, "चौथी रांग नव्हती हो तिथं."

चालम चिनी आह सेंगच्या कॉफीच्या दुकानात शिरला. कनगा बाजारातून येताना इथे थांबायची, एवढं त्याला माहीत होतं.

"ड्रायव्हरसाहेब! बस कुठं लावलीत?" आह सेंग ओरडला. चालम निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण त्याचा हा विनोद शिळा होत नव्हता. चालमचा चेहरा बघून त्याने फडकं खांद्यावर टाकलं आणि तो समोर येऊन बसला.

"कनगा इथं काय खायची रे?"

"इथं?" आह सेंग विचारात पडला. "काही नाही. काळी कॉफी. तीपण गार व्हायची."

"मग यायची कशाला?"

"त्या कोपऱ्यात बसायची. तिथं म्हाताऱ्या बसतात ना आमच्या, सकाळी भाजी आणायला आलेल्या? बडबड बडबड. ती ऐकत बसायची."

"तिला कुठं तुमची भाषा कळायची?"

"एक अक्षर नाही. मी चेष्टा करायचो, म्हणायचो, वहिनी, शिकवू का? नको म्हणायची. म्हणाली, कळायला नकोय. माझी आई बोलली असती तर आवाज असाच असता का, ते बघते." आह सेंगने टेबल पुसलं. ते पुसलेलंच होतं. "मला वाटलं, तुला माहीत असेल."

चालम उठला. कॉफीचे पैसे ठेवायला गेला तर आह सेंगने त्याचा हात ढकलला. "तू प्यायलास कुठं?"

घराजवळ आल्यावर तो आपल्या फाटकातून आत न जाता नाल्यावरची फळी ओलांडून मलय शेजारीण रोकियाच्या अंगणात गेला. रोकिया आणि कनगा एकाच वर्षी या गल्लीत सुना म्हणून आल्या होत्या. रोकिया दोरीवरचे कपडे काढत होती.

"आमच्या परचूतलं तुला काय कळणार म्हणा," चालम म्हणाला, "पण कनगाला काय आवडायचं? वल्ली म्हणते खरवड."

रोकियाने हातातली चादर तशीच धरून ठेवली.

"खरवड आवडायची? कुणी सांगितलं?"

"रोज तीच खायची ना."

"उरायची ती, भाऊ. घरात खाणारी दहा तोंडं, हिचं पान सगळ्यांत शेवटी. पातेल्याच्या तळाला दुसरं काय असतं?" तिने चादरीची घडी घातली, ती जमली नाही म्हणून पुन्हा मोडली. "इथं यायची ना दुपारची, तेव्हा मी भात उतरवत असले की म्हणायची, रोकिया, वरचा दे. बाकी काही नको. मी विचारायची, आमटी घालू? मासा देऊ? नको. झाकण काढल्यावर जो पहिला, मऊ, वाफेचा भात असतो ना, तो. इथं पायरीवर बसून नुसता खायची. डोळे मिटून."

चालम परत फिरला आणि फळीवर थांबला. खाली नाल्यात पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोटो मांडले. पानं मांडली. आजोबांचं पान मधोमध, मग आईवडिलांची, मग भाऊ नागप्पाचं. कनगाचं टोकाला, दाराशी. धूप झाला. नारळाच्या दुधातल्या भाताचं मोठं पातेलं वल्लीने आणून ठेवलं. चालम वाढायला उठला. घरात आता तोच मोठा पुरुष होता.

त्याने झाकण काढलं. वाफ वर आली. वरचा भात डावात घेतला आणि तो आजोबांच्या पानाकडे न जाता दाराशी गेला.

"अरे, अरे!" आक्का ओरडली. "कुठं चाललास? पहिला भात आजोबांचा!"

"माहितीय."

"पिढ्यान् पिढ्या तसंच चाललंय. ती सगळ्यांत धाकटी. शिवाय..." आक्का थांबली, पण थांबून भागलं नाही. "शिवाय तिचं रक्त तरी आपलं आहे का? मी काही वाईट मनाने नाही म्हणत. पण पान मांडलं तेच पुष्कळ."

वल्ली खाली बघत राहिली.

"आजोबा जिवंत होते तेव्हाही पहिलेच जेवले, आक्का," चालम म्हणाला. "आईपण तिच्या आधी जेवली. तू आलीस की तूही. मीपण." त्याचा आवाज चढला नव्हता. "रागावले तर येऊ देत माझ्या स्वप्नात. मी बघून घेईन."

त्याने कनगाच्या पानावर भात वाढला. त्यावर काही घातलं नाही. मग वळून आजोबांना वाढलं, आईवडिलांना वाढलं, नागप्पाला वाढलं. आक्काने तोंड फिरवून बिअरची बाटली उघडली, सिगारेट पेटवून पानाच्या कडेला ठेवली. उदबत्ती लावली, सगळ्यांनी हात जोडले. दार लोटून सगळे बाहेर ओट्यावर आले.

उदबत्ती जळून जाईपर्यंत आत कुणी जायचं नसतं. गल्लीत घरोघरी लोक असेच ओट्यावर बसले होते. एकेक दार उघडत होतं. समोरच्या घरात पानं उचलून झाली, जेवणं सुरू झाली.

वल्लीने फटीतून आत बघितलं. "बाबा, संपली उदबत्ती."

चालम पायरीवर बसला होता. उठला नाही.

"उघडायचं ना?"

"थांब."

"भात गार झाला असेल."

"होऊ दे. तिला बसून जेवायची सवय नाही. वेळ लागेल."

वल्ली ओट्याच्या खांबाला टेकली आणि झग्याची बाही तोंडाशी धरून राहिली. आक्का दाराजवळ उभी होती, ती उभीच राहिली. ऊन पायऱ्यांवरून खाली उतरलं.

समोरच्या घरातून बाईने हाक मारली, "आक्का, झालं का तुमचं? ताट पाठवू का?"

आक्काने दाराकडे बघितलं, मग भावाकडे. चपला काढल्या.

"नाही अजून," ती म्हणाली. "आमची सून जेवतेय."

चालम थोडा सरकला. आक्का त्याच्या शेजारी पायरीवर बसली.