आधी तुमचं तोंड उघडा

त्या सकाळी आमच्या शिवणकारखान्यात एकही मशीन चालू नव्हतं. सगळ्या बाया इस्त्रीच्या टेबलाभोवती दाटीवाटीनं उभ्या होत्या. टेबलावर स्टीलची ताटली होती आणि तिच्यासमोर बटणं लावणाऱ्या मावशी मान वर करून बसल्या होत्या. टाचणीबाबांनी त्यांच्या गळ्याला पितळी नळी लावली, दुसरं टोक तोंडात धरून गाल आत जाईपर्यंत हवा ओढली आणि ताटलीत थुंकले. टण् असा आवाज झाला. ताटलीत टाचणी पडली होती.

"रक्तातून चालली होती," बाबा म्हणाले. "आणखी सरकती तर थेट काळजात जाती."

मावशींनी आवंढा गिळून पाहिला. "खरंच हलकं वाटतंय हो."

आमच्या धंद्यात असल्या गोष्टीवर विश्वास बसायला वेळ लागत नाही. अंगावरचा कपडा बेतताना दोन्ही हात गुंतलेले असतात, म्हणून टाचण्या ओठांत धरायच्या, ही इथल्या जवळजवळ प्रत्येकीची खोड. त्यामुळे कुणाचा घसा दुखला की पहिला संशय टाचणीवर. बाबाही नेमके शिवणकारखान्यांतूनच फिरायचे. "हे सुतारांच्या गळ्यातून खिळे का काढत नाहीत?" असं मी विचारलं, तेव्हा मालकीणबाईंनी डोळे वटारून मला गप्प केलं होतं.

एरवी मी गप्प बसलेही असते. पण मावशींनंतर नंबर माझ्या धाकट्या बहिणीचा होता.

तीही आमच्यातच कामाला. तिचा घसा आधी साधाच दुखत होता. मग दुखणं एका बाजूला गेलं, त्या बाजूचा कान ठणकायला लागला, ताप चढला आणि कालपासून जबडाच उघडेना. दातांतून चमचा जात नव्हता. लाळसुद्धा गिळवत नव्हती, सारखी रुमालानं टिपत होती. बोलायला गेली की तोंडात गरम घास असल्यासारखे शब्द यायचे.

"दवाखान्यात नेऊ या," मी तिच्या नवऱ्याला सकाळपासून सांगत होते.

"ताई, तिथं चिरफाड करतील. टाचणी आडवी बसलीय म्हणून जबडा अडकलाय, असं बाबा म्हणालेत." माणूस वाईट नाही, बायकोवर जीव आहे त्याचा. पण घाबरलेल्या माणसाला जो आधी भेटतो तोच खरा वाटतो.

मी बाबांवर नजर ठेवून होते. मावशींची टाचणी निघाल्यावर ते घटाघट पाणी प्याले, मालकीणबाईंशी खळखळून हसले. मग आमच्याकडे पाठ करून पिशवीत काहीतरी शोधलं, तोंडावरून उपरणं फिरवलं आणि पुन्हा खुर्चीत येऊन बसले. "ये, पोरी. घाबरू नको."

आवाज बदलला होता. ओठ हलत नव्हते, शब्द एका कोपऱ्यातून येत होते. असं बोलणं मी कुठं ऐकलंय, ते आठवायला मला डोकं खाजवावं लागलं नाही. ओठांत टाचण्या धरून "हात वर करा, ताई" म्हणणाऱ्या आमच्या बाया दिवसभर अशाच बोलतात. मीही तशीच बोलते.

मी पाण्याचा पेला त्यांच्यापुढे धरला. "बाबा, आधी चूळ भरा."

"आता पाणी चालत नाही. शक्ती उतरते."

"मघाशी तर चाललं. बरं, पाणी राहू द्या. नुसतं तोंड उघडा. माझ्या बहिणीला उघडता येत नाहीये, तुम्हाला काय अडचण आहे?"

"आगाऊपणा नको," मालकीणबाई म्हणाल्या.

पण धाकटीचा नवरा हात जोडून पुढे आला. "उघडा ना बाबा. एकदा दाखवून टाका, म्हणजे ताईंचं तोंड बंद होईल."

त्याची श्रद्धा खरी होती, त्यामुळे बाबांची जास्तच पंचाईत झाली. रागावून काहीतरी बोलायला गेले आणि गाल धरून कळवळले. मग थुंकले. ताटलीत दोन टाचण्या पडल्या. एक माझ्या बहिणीची, आणि दुसरी बहुधा तिच्यामागे उभ्या असलेल्या बाईची. माणूस कामाला चोख, पुढचीही तयारी करून बसला होता.

धाकटीच्या नवऱ्यानं ताटलीकडे पाहिलं, बायकोकडे पाहिलं आणि तिला हाताला धरून धावतच रिक्षा गाठली. मी मागोमाग.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दातांच्या जेमतेम फटीतून बॅटरीचा उजेड टाकला. "टाचणी-बिचणी काही नाही. टॉन्सिलच्या मागे पू साठलाय. जबड्याचे स्नायू तिथंच शेजारी असतात, ते आखडले म्हणून तोंड उघडत नाही. ही सूज वाढली तर श्वास कोंडतो. आणखी थांबला असतात तर अवघड झालं असतं."

काय करणार ते त्यांनी आधी नीट समजावलं. जागा बधिर केली, सुई घालून पू ओढून काढला आणि सिरिंज आमच्यापुढे धरली. मग सलाईन आणि प्रतिजैविकं सुरू केली. धाकटीचा नवरा भिंतीला टेकून लहान मुलासारखा रडला.

"आणि आमच्या मावशींना बरं कसं वाटलं?" मी विचारलं.

"साधा घसा चार-आठ दिवसांत आपोआप बरा होतो. मधल्या दिवसांत जो भेटेल, त्याच्या नावावर जातो."

संध्याकाळपर्यंत धाकटीचं तोंड बोटभर उघडलं. तिचं पहिलं बोलणं असं होतं, "ताई, मी टाचण्या तोंडात धरतच नाही. मनगटावर बांधलेल्या छोट्या गादीत खोचते. पण कुणी विचारलंच नाही."

खरंच, कुणीच विचारलं नव्हतं. मीही नाही.

म्हणून सांगते. घसा एका बाजूला दुखतोय, ताप आहे, तोंड उघडत नाही, लाळ गिळवत नाही, असं झालं तर वाट पाहू नका, दवाखाना गाठा. आणि कुणी चमत्कार करायला बसला, तर त्याला आधी तोंड उघडायला सांगा. डॉक्टरीणबाईंना मी दहा प्रश्न विचारले, त्या एकदाही चिडल्या नाहीत. बाबा पहिल्याच प्रश्नाला चिडले होते.