सातव्या पायरीची कुरकुर

मी सातवी पायरी बोलतेय. खालून मोजा नाहीतर वरून, मी सातवीच, कारण आम्ही तेरा बहिणी. घर जुनं, जिना लाकडी, आणि बाकीच्या बाराजणी अबोल. बोलते ती मी एकटी. 'पायरी सोडून बोलू नये' असं माणसं म्हणतात, पण पायरीनेच बोलायचं ठरवलं तर तिने काय सोडावं?

मला बसवलं त्या दिवशी सुताराची दाढ ठणकत होती. एका हाताने गाल धरून त्याने चाराऐवजी तीनच खिळे ठोकले आणि घर गाठलं. तेव्हापासून माझ्यावर पाय पडला की मी 'कर्रर्र' करते. त्याची दाढ पुढे बरी झाली असेल, माझं दुखणं कायम राहिलं.

हे घर मास्तरांचं. निजायची खोली वर, स्वयंपाकघर खाली. चाळीस वर्षं मास्तर आणि त्यांच्या बाई माझ्यावरून चढले-उतरले. मग बाई गेल्या. मास्तरांचे गुडघे माझ्यापेक्षा जास्त वाजायला लागले, तेव्हा लेक त्यांना आपल्याकडे घेऊन गेली आणि घर विकायला निघालं.

मग आला एजंट. गोड बोलण्यात पटाईत. भिंतीची ओल दाखवून म्हणायचा, "उन्हाळ्यात पंखा लागत नाही." न उघडणारी खिडकी दाखवून म्हणायचा, "चोराची भीतीच नाही." माझ्यासाठी मात्र त्याला काही सुचेना. शेवटी त्याने सोपी युक्ती काढली. बोलता बोलता लांब टांग टाकायची, सहावीवरून थेट आठवीवर. मागची गिऱ्हाइकंही निमूट तशीच टांग टाकत.

एके दिवशी एक नवरा-बायको आले. बायकोला घर पाहताक्षणी आवडलं. नवऱ्याला घरापेक्षा डागडुजीचीच हौस. "हे पाडू, ते काढू, पण घराची जुनी शोभा ठेवू," असं म्हणत तो मला ओलांडून वर गेला. घर घेतलं. आणि गंमत बघा, राहायला आल्यावरही दोघं मला ओलांडतच राहिली. पाहुण्यांना बजावायची, "जपून हं, सातवी सोडायची असते." का, ते कुणी विचारलं नाही.

आधी मला बरं वाटलं. महिन्याभरात मात्र जीव कासावीस झाला. जिच्यावर पाय पडत नाही ती कसली पायरी, नुसती फळीच. झाडूसुद्धा मला ओलांडून जायचा.

त्यातच नवऱ्याने जिन्याच्या सगळ्या फळ्या बदलायला काढल्या. नवा सुतार पायऱ्या मोजत त्याच्या मागून चढला. नवऱ्याने टांग टाकली, सुतारानेही टाकली. वर पोचून म्हणाला, "बारा." आणि बाराच फळ्या घेऊन आला. खालच्या सहा बसवल्या, वरच्या सहा बसवल्या, मधे उरले मी. त्याने पायऱ्या पुन्हा मोजल्या, तर तेरा भरल्या.

"जिना वाढला वाटतं," तो म्हणाला. "जुन्या घरात लाकूड फुगतं. उद्या आणखी एक आणतो."

माझे दिवस भरले, हे मी ओळखलं.

दुसऱ्या दिवशी सुतार फळी घेऊन आला, आणि पाठोपाठ मास्तर. वरच्या कपाटात राहिलेली छत्री न्यायला आले होते. कठडा धरून चढू लागले तसे खालून सुतार आणि नवरा-बायको एकदम म्हणाले, "मास्तर, सातवी सोडा."

"का?"



"एजंट सोडायचा," नवरा म्हणाला.

मास्तरांनी माझ्यावर दोन्ही पाय ठेवले. मी होता नव्हता तो जोर लावून 'कर्रर्र' केलं.

"अगं बाई, ही वाजते होय?" बायको म्हणाली.

"हिला काढताय?" मास्तर तिथेच थांबले. "मला साखर वर्ज्य होती आणि बिस्किटांचा डबा खाली. दुपारी बायको झोपली असं बघून मी मांजराच्या पावलांनी उतरायचो. ही वाजली की वरून आवाज यायचा, 'कितवं?' दर वेळी पकडलं हिने मला. आता डबा उशाशी असतो. कुणी विचारत नाही, म्हणून खावंसंही वाटत नाही."

बायकोने मास्तरांकडे पाहिलं, मग नवऱ्याच्या पोटाकडे. डॉक्टरांनी त्याचंही गोड बंद केलं होतं, तरी घरातली बिस्किटं आपोआप संपत होती.

"ही राहू द्या," तिने सुताराला सांगितलं.

"अगं, पण बारा नव्या आणि मधेच ही एक जुनी..." नवरा चाचरला.

"जुनी शोभा ठेवायची, असं तूच म्हणत होतास ना?"

म्हणून मी आहे. तुम्ही कधी जुनं घर बघायला गेलात तर छप्पर बघा, भिंती बघा, पण एजंटाच्या पायांकडेही बघा. तो जिथे टांग टाकेल तिथे मुद्दाम पाय ठेवा, एवढं माझ्यासाठी करा.

आता इथे सगळे माझ्यावर पाय ठेवून जातात. मास्तरही दर महिन्याला छत्री विसरतात आणि न्यायला येतात. मला ओलांडतो तो फक्त नवरा, तोही दुपारी, चपला हातात घेऊन. काल मात्र त्याची टांग आखूड पडली. मी 'कर्रर्र' केलं आणि वरून आवाज आला, "कितवं?"