माझ्या पोटातले डास

मित्रांनो, मी एक जुनी दगडी कुंडी आहे. सावरगावच्या शकुबाईच्या अंगणात, कोंबड्यांच्या खुराड्याशेजारी माझं बस्तान आहे. पाथरवटानं मला घडवलं ते म्हशीसाठी. पुढे म्हैस गेली आणि कोंबड्यांनी माझा ताबा घेतला. खरं सांगते, आधी मला रागच आला. कुठं ते म्हशीचं तोंड आणि कुठं ही इवलीशी चोच!

शकुबाईनं मला कधी कोरडं पडू दिलं नाही. आमच्याकडे नळ चार दिवसांआड येतो, म्हणून पाणी फेकणं तिला पाप वाटे. ती वरून नवं ओतायची, तळाशी जुनं तसंच. "पाह्य वं, माझी कुंडी कशी भरून राह्यते!" असं ती शेजारणीला सांगायची आणि मी अगदी फुगून जायची.

यंदा पावसाळा सरता सरता तिच्या लाडक्या पांढऱ्या कोंबडीच्या पिल्लांना देवी आल्या. डोळ्यांभोवती फोड आले, खाणं सुटलं. पाचातली चार गेली. उरलेल्या एकाचे दोन्ही डोळे मिटलेले. गुरांचे डॉक्टर म्हणाले, हा रोग डासांमुळे पसरतो. मग शकुबाई रोज संध्याकाळी कडुलिंबाचा धूर करू लागली. खोकून खोकून तीच बेजार झाली, डास काही हटेनात.

एका दुपारी तिची सून सुचिता हिनं माझं पाणी पांढऱ्या बादलीत काढलं. त्यात बारीक अळ्या वळवळत होत्या.

"आई, डास आपल्याच कुंडीत जन्मून राहिले."

"मंग काय पाणी फेकू?" शकुबाई कळवळली.

"फेकू नोका. संत्र्याच्या कलमाले टाका."

मला मान असती तर शरमेनं खाली गेली असती. ज्यांना पाणी पाजलं, त्यांचेच वैरी मी पोटात पोसले होते!

कलमाच्या मातीवर पाणी पडताच कोंबड्यांनी अळ्या टिपून खाल्ल्या. सुचितानं माझ्या कडा नारळाच्या शेंडीनं घासल्या, चिकटलेली डासांची अंडी काढली आणि दोघींनी मिळून मला उन्हात पालथं घातलं.

शकुबाई त्या पिल्लाला थेंब थेंब पाणी पाजत राहिली. पंधरवड्यानं त्याचा एक डोळा उघडला. दुसरा गेला तो गेलाच. एका सकाळी ते धडपडत आलं आणि माझ्या काठावरून आपलं आपण पाणी प्यायलं. शकुबाईनं पदरानं डोळे पुसले. "पी रे राजा, ताजं हाय," ती म्हणाली.

आता दर तिसऱ्या दिवशी तीच सुनेला हाताशी घेऊन मला पालथी घालते. मित्रांनो, तुमच्या अंगणात भरलेली कुंडी असेल तर तिचं नुसतं कौतुक करू नका, तिला रिकामीही करा. राग येणार नाही आम्हाला. त्या चार पिल्लांच्या वेळी मला कुणी पालथं घातलं असतं, तर किती बरं झालं असतं.