व्याजासाठी एकत्र

मी एक जुना हिंचका आहे, म्हणजे घरातला झोपाळा. सागाचा पाट, पितळी कड्या आणि टेकायला कठडा. मित्रांनो, पाणीगेटजवळच्या एका सुताराने मला घडवले आणि रेल्वेत नोकरी करणाऱ्या जनार्दनरावांनी मला घरी आणले. जेवण झाले की ते आणि त्यांच्या पत्नी स्नेहलताबाई माझ्यावर बसून सुपारी कातरत. येणारा-जाणारा म्हणे, "हिंचको तो सरस छे." या कौतुकाने मी ताठ होत असे. टांगलेल्या वस्तूला होता येते तितका.

निवृत्तीनंतर ते दोघे लेकीकडे नाशिकला गेले आणि मी त्यांच्या मुलाकडे, क्षितिजकडे, मांजलपूरच्या फ्लॅटमध्ये आलो. तिथे माझे दिवस फिरले. क्षितिजची बायको ईशानी म्हणाली, "याच्या जागी जेवणाचं टेबल मावेल."

"हा इथून हलणार नाही," क्षितिज म्हणाला. हिंचक्याबद्दल कोणी असे बोलत नाही, पण तो बोलला. शब्दाने शब्द वाढला आणि ईशानी बॅग भरून आईकडे, शहरातच अकोट्याला गेली. माझ्यावर ओले टॉवेल पडू लागले.

तेवढ्यात घराच्या कर्जाचे व्याज इतके वाढले की हप्ता झेपेना. कर्ज दुसऱ्या बँकेत नेता आले नसते तर फ्लॅट विकावा लागला असता. नव्या बँकेचा नियम असा, की कर्ज नवरा-बायको दोघांच्या नावावर असेल आणि दोघे त्याच घरात राहत असतील तर व्याजदर कमी, वेगळे राहत असतील तर जास्त. खात्री करायला बँकेचा माणूस येणार होता.

क्षितिजने फोन केला. ईशानी आली आणि दारातच म्हणाली, "मी व्याजासाठी आलेय. गैरसमज नको." तिने साड्या कपाटात टांगल्या, चपला दारात मांडल्या, ब्रशसुद्धा बेसिनवर ठेवला.

बँकेचे विश्वासराव आले ते थेट माझ्यावर बसले. ईशानीने चहा दिला. एक घोट घेऊन त्यांनी कप खाली ठेवला.

"बेन, तुमच्याकडे चहात मीठ घालतात?"

ईशानीने क्षितिजकडे पाहिले. "साखरेच्या डब्यात मीठ कोणी भरलं?"

"तू नव्हतीस, म्हणून मी..." क्षितिज बोलून गेला आणि थांबला.

आता लपवण्यासारखे काही उरले नव्हते. ईशानी म्हणाली, "काका, खोटं कशाला बोलू? मी सध्या आईकडे राहते."

विश्वासरावांनी पेन खिशात ठेवले. "पुढच्या आठवड्यात परत येतो. तेव्हा दिसेल तेच लिहीन. पण नुसत्या व्याजासाठी एकत्र राहू नका. ते फार महाग पडतं."

ते गेल्यावर दोघे माझ्या दोन टोकांना बसले. त्याने पायाने पुढे रेटा दिला, तिने मागे. मी जागच्या जागी वाकडा झालो. ईशानीला हसू आले.

"तू नसलीस की घर खायला उठतं," क्षितिज म्हणाला. "टेबल घेऊ. हिंचका गॅलरीत लावतो."

गॅलरीत! मला वाईट वाटले. पण ईशानी राहिली, आणि तिथे वाराही बरा होता.

विश्वासराव परत आले, तेव्हा गॅलरीत दोघे माझ्या कुरकुरणाऱ्या कड्यांवरून जोरजोरात भांडत होते. ती म्हणे खोबरेल, तो म्हणे मशीनचं तेल. विश्वासराव खाली रस्त्यावर उभे राहून ऐकत होते. मग वर न येताच त्यांनी कागदावर काही लिहिले आणि स्कूटरला किक मारली. संध्याकाळी कळले, कमी दर मंजूर झाला. शेरा होता : "दोघे एकत्र राहतात. रस्त्यावरूनच खात्री झाली."

मित्रांनो, घरातल्या जुन्या वस्तूंची काळजी घ्या. खोबरेल की मशीनचे, यावर हवे तितके भांडा. पण भांडता भांडता थोडे घालाही. माझ्या कड्या अजून कोरड्याच आहेत.