हातातला क्लच

"आज काय काढलंय?" संघमित्राने विचारलं.

 डावीकडच्या सीटवर बसून मनूकाकांनी नुसता पट्टा लावला आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. हात मांडीवर गेले की नियम सुरू. मग गाडीत काहीही होवो, ते कशाला हात लावणार नव्हते आणि तोंडही उघडणार नव्हते.

गेले कित्येक रविवार हेच चाललं होतं. शिवडीला बंदराच्या बाजूला, गोदामांच्या मधून एक लांबलचक खाजगी रस्ता जातो. रविवारी सकाळी तिथे माल उतरत नाही, ट्रेलर कडेला उभे असतात. काकांची शेड त्याच आवारात असल्याने वॉचमन अडवत नसे. त्या रस्त्यावर संघमित्रा गाडी चालवायची, आणि निघण्याआधी काका गुपचूप गाडीतलं काहीतरी बिघडवून ठेवायचे. एकदा त्यांनी क्लचच्या केबलची पिन सैल करून ठेवली होती. एकदा ॲक्सिलरेटरची स्प्रिंग काढली. तिने पाय उचलला तरी गाडी पळतच राहिली. त्या दिवशी चावी फिरवून गाडी थांबवल्यावर ती आधी रडली आणि मग काकांना तोंडाला येईल ते बोलली.

काकांनी सगळं ऐकून घेतलं. "रस्त्यावर गाडी सांगून बिघडत नाय गो," ते म्हणाले. "दोन पायवाल्याला चुकायला जागा असते. तुला नाही."

संघमित्राचा डावा पाय गुडघ्याच्या वरून गेला होता. अँटॉप हिलच्या वळणावर एका टँकरने तिची स्कूटर चिरडली, त्याला आता तीन वर्षं होत आली होती. लोअर परळच्या एका कंपनीत ती मशिनच्या भागांची ड्रॉइंग्ज काढायची. कृत्रिम पाय बसल्यावर ती कामावर परत गेली, पण स्वतःच्या हाताने काही चालवायचं नाही हे तिला सोसेना. मनूकाका आंगणे गाडीला हाताने दाबायचा क्लच बसवून देतात असं कुणीतरी सांगितलं, म्हणून ती शेडमध्ये गेली होती.

काका गिरगावात राहायचे. तरुणपणी त्यांनी शर्यतीच्या गाड्या तयार केल्या होत्या, पुढे जुन्या गाड्या नव्यासारख्या करून देण्यात त्यांचं नाव झालं. त्यांनी तिला एका वाक्यात वाटेला लावलं होतं, "ऑटोमॅटिक घे आणि सुखी हो."

निघताना तिचा पाय दुखत होता. बसायला जागा विचारली, तर शेडमध्ये बसण्यासारखी एकच जागा होती, ताडपत्रीखालच्या एका हिरव्या गाडीत. दोन सीटांची, बिनटपाची, जमिनीला टेकल्यासारखी विलायती स्पोर्ट्स कार. साठ वर्षं जुनी, इंजिन बाहेर काढलेलं, तळाचा पत्रा चाळणी झालेला. संघमित्रा त्यात उतरून बसली. पाय सरळ समोर पसरले होते. कृत्रिम पायाची कड मांडीला टोचत नव्हती. अपघातानंतर पहिल्यांदा ती बसली होती आणि तिला काही दुखत नव्हतं.

"ही कुणाची?"

"माझीच म्हण. मालक गेले. पोरं परदेशात, त्यांनी माझ्या नावावर करून दिली. कामाला हात लागलाच नाही."

"मी करते."

काका हसले होते. पुढच्या रविवारी ती जुने कपडे घालून आली तेव्हा हसले नाहीत. तिच्या हातात पाना दिला. तळाचा पत्रा बदलला, इंजिन खोलून, पुन्हा जोडून गाडीत चढवलं, गिअरच्या दांड्यावर क्लचचं हँडल बसवलं. ते हँडल तिने स्वतः कागदावर काढलं होतं आणि काकांनी घासून तिच्या पंजाच्या मापाचं केलं होतं. त्या हँडलवर काका खूश होते. पण बदल तेवढाच. बाकी गाडी त्यांना होती तशीच हवी होती.

भांडण ब्रेकवरून झालं. जुन्या गाडीत चारही चाकांचे ब्रेक तेलाच्या एकाच नळीवर होते. नळी कुठेही फुटली की चारही गेले. पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगळ्या नळ्या द्यायच्या असं संघमित्राचं म्हणणं होतं. त्यासाठी नळ्यांत तेल ढकलणारा मोठा मास्टर सिलिंडर लागणार होता, आणि तो बसवायला पेडलवरची पत्र्याची पेटी कापावी लागणार होती. क्लचचं पेडलही काढावं लागलं असतं.

"इतकी वर्षं टिकलेला पत्रा मी कापणार नाही," काका म्हणाले.

"मग निदान नळ्या तरी नव्या टाकूया."

"मी हाताने तपासल्यात सगळ्या. विषय संपला."

आणि विषय संपला होता.

त्या रविवारी काकांचे हात मांडीवर गेल्यावर तिने ती हिरवी गाडी सुरू केली. पहिला गिअर, दुसरा, तिसरा. प्रत्येक वेळी डाव्या हाताची बोटं हँडल आवळायची, दांडा सरकायचा, बोटं हळूहळू सैल व्हायची. उजवा हात स्टिअरिंगवर. वारा डोक्यावरून जात होता. ती वाट बघत होती, आज काय होणार? केबल? इंजिन?

रस्ता जिथे संपून काटकोनात वळतो तिथे एक ट्रेलर मागची बाजू करून उभा होता. तिने नेहमीच्या जागी ब्रेकवर पाय ठेवला.

पेडल खाली गेलं. कसलाच विरोध न करता थेट तळाला टेकलं.

तिने पाय उचलून पुन्हा दाबला. पुन्हा तेच.

अच्छा, म्हणजे आज ब्रेक काढलेत. तिच्या डोक्यात भीतीच्या आधी राग आला. ट्रेलर समोर असताना? म्हातारा वेडा आहे का? पण हात थांबले नव्हते. पायाने काही होणार नव्हतं, आणि डावा हात एकच होता. त्याला क्लच दाबायचा होता, गिअर उतरवायचा होता आणि हँडब्रेकही ओढायचा होता. एका वेळी एकच. तिने हँडल आवळलं, दांडा मागे ओढला, दुसरा गिअर पडला, बोटं सोडली. इंजिन किंचाळलं, पट्टा छातीत रुतला. वेग उतरला, पण पुरेसा नाही. ट्रेलरचं मागचं लोखंड आता बरोबर त्यांच्या तोंडाच्या उंचीवर दिसत होतं, आणि गाडीला टप नव्हता.

तिने हात हँडब्रेककडे नेला. तिथे आधीच एक हात होता.

काकांनी दोन्ही हातांनी हँडब्रेक ओढला होता. मागची चाकं अडकली आणि गाडी तिरकी घसरायला लागली.

"सोडा! अर्धा सोडा!" ती ओरडली.

त्यांनी सैल केला. तिने स्टिअरिंग फिरवून गाडी सरळ केली. "आता ओढा!" गाडी घसरत, फरफटत, ट्रेलरच्या बाजूला रचलेल्या रिकाम्या पोत्यांच्या ढिगात शिरली आणि बंद पडली. ट्रेलरचा कोपरा काकांच्या खांद्यापासून हातभर लांब होता.



"तुम्ही हात लावलात," संघमित्रा धापा टाकत म्हणाली. "नियम तुमचाच होता. आणि ट्रेलर समोर असताना ब्रेक काढतात का, काका?"

काका उतरले, गुडघ्यावर बसून त्यांनी मागच्या चाकाच्या आत बोट फिरवलं. बोट ब्रेकच्या तेलाने ओलं झालं होतं. ते त्यांनी तिच्यासमोर धरलं.

"मी आज काहीच काढलं नव्हतं," ते म्हणाले.

घरी आईने गळ्याखालचा सीटच्या पट्ट्याचा काळानिळा वळ पाहिला. नायगावच्या चाळीतल्या त्या एका खोलीत काही लपून राहत नसे. सीमाबाईंना लेक जुनी गाडी दुरुस्त करते एवढं माहीत होतं. चालवते हे नाही. संघमित्राने सगळं सांगितलं. आईच्या हातातली कणीक तशीच राहिली.

"तो माणूस बाजूलाच बसला होता?"

"हो."

"मग त्यालापण तेवढंच लागलं असेल," आई म्हणाली आणि परातीकडे वळली. बराच वेळ ती पाठमोरीच राहिली. कणीक कधीच मळून झाली होती, तरी ती मळत होती.

काकांनी फोन उचलणं बंद केलं. दोन रविवार शेडला कुलूप राहिलं. शेवटी संघमित्रा गिरगावात त्यांच्या घरी गेली. लाकडी जिना अरुंद आणि उभा होता. चढताना तिला मधल्या प्रत्येक मजल्यावर थांबावं लागलं. दार काकांनीच उघडलं. पाणी दिलं, पण तिच्याकडे बघितलं नाही.

"नळी बाहेरून चांगली होती," ते म्हणाले. "आतून गंजली होती. मी बोट फिरवलं आणि चांगली म्हणालो. तू बोललीस, तेव्हा ऐकलं नाही."

"आता ऐका."

"नको. गाडी देऊन टाकू. माझ्या ओळखीचा एक माणूस आहे, बंगल्यात ठेवेल, पुसेल रोज. चालवणार नाही कुणी."

"इतके रविवार तुम्ही मला संकटात टाकत होता. तेव्हा नाही घाबरलात."

"तेव्हा काय बिघडणार ते मला माहीत होतं," काका पटकन म्हणाले. "त्या दिवशी नव्हतं माहीत. ट्रेलर दिसत होता आणि तुला वाटत होतं, म्हातारा मस्करी करतोय. मला ओरडताही येईना."

 संघमित्राने ग्लास खाली ठेवला.

"शेडची दुसरी चावी माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "या रविवारी मी पेटी कापणार. नवा सिलिंडर आणलाय."

"कापू नकोस."

"मग अडवायला या."

रविवारी ती एकटीच शेडमध्ये होती. जुन्या नळ्या तिने आधीच उपटून काढल्या होत्या. क्लचचं पेडल काढून फडक्यावर ठेवलं होतं. पत्र्यावर खडूने रेघ मारली, चष्मा चढवला आणि कटर सुरू केला. त्याचा आवाज पत्र्याच्या छताला जाऊन आदळला.  ही रेघ चुकली तर असा भाग परत मिळणार नव्हता. तिने पातं खाली आणलं, ठिणगी उडाली.

"थांब!"

काका दारात उभे होते. धावत आल्यासारखी धाप लागली होती. तिने कटर बंद केला, पण हातातून ठेवला नाही. ते जवळ आले. पत्र्यावरचा नखाएवढा ओरखडा बघितला. त्यांचा चेहरा असा झाला की तिला वाटलं, आता हे कटर हिसकावून घेणार.

त्यांनी खिशातून रुमाल काढला आणि तिची खडूची रेघ पुसून टाकली.

"इथून कापलंस तर पेडलची पट्टी लुळी पडेल," ते म्हणाले. "जोरात दाबलंस की पत्रा वाकेल." त्यांनी दोन बोटं वर नवी रेघ मारली, आणि ती डोळ्यांनी पुन्हा मापली. "इथून."

"तुम्ही कापता?"

"माझा हात आता धड राहत नाही. तू काप. मी पत्रा धरतो."

तिने कापलं. काकांनी पत्रा दोन्ही बाजूंनी घट्ट धरला होता आणि पूर्ण वेळ डोळे मिटून घेतले होते.

नव्या नळ्या टाकायला बरेच दिवस गेले. या वेळी काकांनी प्रत्येक जोड तिला तपासायला लावला आणि नंतर स्वतः तपासला. मग तिने त्यांचे तपासले. दोघांनाही त्याचा राग येत नव्हता. पेडल दाबून ठेवायचं, कुठे ओल दिसते का बघायची, पुन्हा दाबायचं. एकदा पुढच्या चाकाजवळ एक थेंब सापडला. काकांनी ती अख्खी नळी काढून टाकली आणि दुसरी घातली.

"पहिला फेरा मी मारणार," ते म्हणाले. "यात वाद नको."

"काका, क्लचचं पेडल आता नाहीये."

"हाताने दाबीन. त्यात काय?"

ते चालकाच्या जागी बसले. हँडल आवळलं, पहिला गिअर टाकला, बोटं सोडली. गाडीने एक गचका दिला आणि बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा गचका. तिसऱ्या वेळी ती बेडकासारखी उडी मारून गप्प बसली. वॉचमन खुर्चीतून उठून बघायला आला.

"एकदम सोडताय," संघमित्रा बाजूच्या सीटवरून म्हणाली. "आधी मधली बोटं, मग करंगळी. अंगठा शेवटी."

"गाडी तयार कुणी केली?" काका चिडले.

"तुम्ही. पण चालवते मी."

चौथ्यांदा गाडी हलली. ती पहिल्याच गिअरमध्ये गुरगुरत गोदामाच्या कोपऱ्यापर्यंत गेली आणि काकांनी ब्रेक दाबला. गाडी जागच्या जागी थांबली. त्यांनी पुन्हा पुढे नेली आणि पुन्हा दाबला, पुन्हा, पुन्हा. त्यांच्या कपाळावर घाम होता. एवढ्याशा रस्त्यावर त्यांनी किती वेळा ब्रेक मारला, ते तिने मोजलं नाही. तिने त्यांना मारू दिले.

मग ते उतरले आणि वळसा घालून डावीकडे आले. संघमित्राने स्वतःला उजव्या सीटवर सरकवलं, कृत्रिम पाय हाताने उचलून सरळ ठेवला. काकांनी पट्टा लावला, पण या वेळी हात मांडीवर ठेवले नाहीत.

"चल," ते म्हणाले. "वळणाच्या आधी दुसऱ्यावर ये."

तिने मान डोलावली आणि बोटं हळूहळू सैल केली.