पंचवीस फेऱ्या

त्या रविवारी दुपारी गावातल्या रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं. सगळे आपापल्या रेडिओपाशी, हातात पेन्सिल! शर्यत असली की प्रत्येक फेरीची वेळ लिहायची म्हणजे लिहायचीच. टोरूनच्या वहीत तर रकान्यावर तिच्या सख्ख्या भावाचं नाव होतं. हाल्वर, दोनदा जगज्जेता. आज ऑस्लोत बर्फावरच्या स्केटिंगची दहा हजार मीटरची शर्यत, पंचवीस फेऱ्या. फेरी चाळीस सेकंदांत राहिली की तिसरा किताब त्याचाच.

लाकूडगिरणीच्या करवतींनी बाबांचे कान केव्हाच खाल्ले होते. ते शर्यत ऐकायचे ती टोरूनच्या वहीतून, एक तळहात रेडिओवर ठेवून.

"हे काय, तीन की आठ?" बाबांनी टोमणा मारला. "कोंबडीनं पाय उमटवलेत नुसते!"

"आठ आहे!" तिनं ओठ मोठे करून सांगितलं. बाबा ओठ वाचायचे.

ती हसली खरी, पण लक्ष हाल्वरच्या गुडघ्यात होतं. परवा निघताना हाल्वरनं विजार वर करून उजवा गुडघा दाखवला होता. सुजून भोपळा झालेला! "बाबांना बोलू नकोस हं. कळलं तर जाऊ द्यायचे नाहीत." आणि ही बावळट चक्क गप्प बसली होती.

चाळीस. चाळीस. एकोणचाळीस! बाबांनी मांडीवर थाप मारली. म्योसा तळ्याच्या बर्फावर पोराला त्यांनीच उभं केलं होतं, त्याच्या स्केट्सना पहिली धार त्यांनीच लावली होती.

अकरावी फेरी, बेचाळीस. बारावी, चव्वेचाळीस.

टोरूननं चाळीस लिहिलं. मग पुन्हा चाळीस. उद्याच्या पेपरात सगळ्या फेऱ्या छापून येणार, हे काय तिला माहीत नव्हतं? पण उद्याचं उद्या! तेराव्या फेरीला निवेदक हळूच म्हणाला, "सेहेचाळीस." तिनं लिहिलं, एकोणचाळीस.

बाबांनी आकडा वाचला आणि नजर वहीवरून काढून घेतली. रेडिओवरचा त्यांचा तळहात अगदी स्थिर होता.

"एकोणचाळीस काढल्यावर लोक छप्पर उडवतात," ते म्हणाले. "पेटी हलते हाताखाली. आता ती मेल्यासारखी पडलीय."

टोरूनला रडू फुटलं. "बाबा, त्याचा गुडघा..."

"नाताळात त्याला लंगडत जिना उतरताना पाहिलं होतं मी." बाबा खिडकीकडे बघत म्हणाले. "म्हटलं, कशाला बोला. तिसरा किताब मलाही हवा होता ना."

खोडरबर त्यांनी तिच्यापुढे सरकवला. तिनं तिन्ही आकडे खोडले, खरे लिहिले. कागद फाटायला आला. अजून बारा फेऱ्या बाकी होत्या, आणि हाल्वर मधेच थांबणाऱ्यातला नव्हता.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सत्तेचाळीस."

"लिही."

तिनं लिहिलं.