गार पाण्याचा नमुना

मित्रांनो, मी एक जुनी काचेची बाटली आहे. औषधाची किंवा तेलाची नव्हे, प्रदूषण तपासणाऱ्या कार्यालयाची. माझी गोष्ट तुम्हाला ऐकावीशी वाटेल की नाही, कोण जाणे.

भट्टीतून निघाले तेव्हा वाटले होते, आपल्यात अत्तर भरतील. वाट्याला आले कारखान्यांचे सांडपाणी. ते प्रयोगशाळेत तपासायचे आणि नियमापेक्षा जास्त घाण निघाली तर कारखान्याला जाब विचारायचा, हे आमचे काम. हळूहळू मला त्याची गोडी लागली. प्रत्येक पाण्याचा वास निराळा, वजनही निराळे.

एकदा आम्ही कापड रंगवणाऱ्या कारखान्यात निघालो. खालच्या वस्तीतल्या विहिरी नासल्याची तक्रार होती. आधीचे नमुने स्वच्छ आले होते. हाही तसाच आला तर तक्रार कायमची बंद होणार होती. आमच्या ड्रायव्हरची आत्या त्याच वस्तीत राहायची.

"आत्या म्हणते, चहात पूड घालायलाच नको," तो तपासनीस बाईंना म्हणाला. "पाणीच तयार रंगाचं येतं."

मॅनेजरने आम्हाला सांडपाण्याच्या तोंडाशी नेले. तिथल्या हौदात मासे सोडले होते.

"बघा मॅडम, कसे मजेत आहेत."

"छान आहेत." बाईंनी धारेखाली हात धरला. "आत रंगाच्या कढया उकळताहेत, आणि पाणी एवढं गार?"

"वाटेत निवतं ना."

हिरवळीच्या नळाची एक नळी जमिनीत शिरलेली बाईंना दिसली. त्यांनी माळ्याला हाक मारली. "दादा, तो नळ जरा बंद करता?"

नळ बंद झाला. हौदात पडणारी धार बारीक झाली आणि थांबली.

"हे कोणी जोडलं?" मॅनेजर पुटपुटला.

"माशांनीच जोडलं असेल," ड्रायव्हर म्हणाला.

मग खरे पाणी जात होते कुठे? मलाही राहवेना. बाई भिंतीच्या कडेने चालत राहिल्या. मागे एका जागी गवत जळून गेले होते आणि कुंपणाखालून वाफाळते जांभळे पाणी नाल्यात पडत होते.

नमुने गार राहावेत म्हणून आम्हाला बर्फाच्या पेटीत ठेवतात, मी तिथलीच. ते पाणी एकदम ओतले असते तर तडकलेच असते, आणि दुसरी बाटली जवळ नव्हती. पण नमुना घेण्याआधी बाटली त्याच पाण्याने विसळायची, अशी आमची पद्धत आहे.

"विसळता कशाला? भरा की एकदाचं," मॅनेजर म्हणाला.

बाईंनी घोट घोट पाणी घेऊन मला विसळले. माझे अंग हळूहळू तापले. तरी भरताना बुडाशी एक बारीक रेघ उमटलीच. मॅनेजरसमोर लाखेची मोहोर लागली, आणि बाईंनी मला प्रयोगशाळेपर्यंत मांडीवर धरून नेले. एक थेंब गळला नाही.

पाणी शुद्ध करणारी यंत्रणा नीट होईपर्यंत कारखाना बंद ठेवण्याचा हुकूम निघाला. मी मात्र त्या रेघेमुळे कामातून गेले. आता फडताळात धूळ खात असते. आत्याच्या विहिरीचे पाणी अजून नितळ झालेले नाही. बाई अधूनमधून नवी बाटली घेऊन तिकडे जातात, तेव्हा मलाही जावेसे वाटते.

मित्रांनो, असे पाणी कुठे दिसले तर नाक दाबून पुढे जाऊ नका. ते येते कुठून, एवढे तरी विचारा.